फ्रिजवरची डबी

परदेशी मालावरचा कर वाढला आणि ह्यांच्या कानाच्या मशीनचे सेल एकदम महागले. दुकानात गिऱ्हाइकांचं ऐकावंच लागतं, पण घरी आले की चपलांबरोबर मशीनही निघायचं आणि फ्रिजवरच्या डबीत जायचं.

“घरात काय नवीन ऐकायचंय?” म्हणायचे.

सुरुवातीला मी घसा ताणून बोलायचे. मग खुणांवरच भागायला लागलं.

यंदा कर उतरला, सेल स्वस्त झाले. काल कितीतरी दिवसांनी हे मशीन लावून जेवायला बसले. दोनदा काढलं, झटकलं, पुन्हा लावलं.

“बिघडलं वाटतं गं. भांड्यांचा आवाज येतोय, तुझाच येत नाही.”



मशीन ठणठणीत होतं. मी बोलायचं कधी थांबवलं, ते मलाच आठवेना.