पेशीच्या दाराशी

"हात बघू," बाई म्हणाल्या. पोरीचे हात गारठले होते. "पहिलीच वेळ ना? होतं असं. रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल."

"नाही लागला," पोरगी पुटपुटली. खिडकीत तिचा चहा तसाच निवत होता.

असल्या घाबरलेल्या पोरी बाईंनी उभ्या आयुष्यात ढिगानं पाहिल्या होत्या. त्यांच्यावर रागावून भागत नाही, त्यांना हसवावं लागतं. डोक्यावरची निळी टोपी सारखी करून त्यांनी पिशवीतून अर्धवट विणलेलं टोपडं काढलं. नातीसाठी होतं. नातच होणार, असा त्यांचा हुकूमच होता.

अंडाशयाचा कर्करोग पुन्हा उलटला होता आणि नेहमीच्या औषधांनी हात टेकले होते. उरला होता हा एकच उपाय. त्याची बाटली बर्फातून काढली की परत ठेवता येत नाही. आज कच खाल्ली तर संधी गेलीच.

"आधी सगळं नीट सांगायचं, मगच औषध. नियमच आहे ना इथला? मग ऐक." बाईंनी लोकरीत सुई अडकवली. "हा सर्दीचा विषाणू. ह्याच्या अंगाला हुक असतात. पेशीच्या दाराला कडी असली की हुक अडकतो आणि स्वारी आत. पण ह्या गाठीच्या पेशी महाबिलंदर! त्यांच्या दाराला ती कडीच फारशी नाही."

"मग?"

"मग हुकच बदलला. त्यांच्याकडे दुसरी कडी भरपूर असते, तिच्यात बसेल असा. आत शिरून हा एक जनुक सोडतो, की पेशी स्वतःच गाशा गुंडाळते."

"भलत्याच पेशीत शिरला तर?" पोरीनं विचारलं.

"तिथं ती कडी क्वचितच. शिवाय पिलावळ वाढवायची सोय ह्याच्याकडून काढून घेतलीय. थंडी वाजेल, ताप येईल. फार चढला तर लगेच फोन."

"आणि गुण नाहीच आला तर?"

बाईंनी एक टाका घातला. "येईलच असं कोण सांगणार? पण हातपाय गाळून बसणं मला जमत नाही. तुला जमतं?"

पोरगी पहिल्यांदाच हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि बाईंना फार फार बरं वाटलं.

"झाली माझी तोंडी परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी, बाई." पोरीनं खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवला, हातमोजे घातले.

बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि पोटावरच्या नळीवरचं पांघरूण त्यांनी स्वतःच बाजूला केलं. "मग डॉक्टर, आता हात कापू न देता सोड तुझा तो विषाणू. टोपडं पुरं करायचंय मला."