नीट बघ

चष्मा कसला, डोक्यावर टोपलं पालथं घातल्यासारखं ते यंत्र होतं. थेरपिस्टबाईंनी पट्टा आवळला तसा बाप म्हणाला, "घाला, घाला. माझं काय जातंय!"

फळबाजारात लिलाव पुकारायचा त्याचा धंदा. एवढ्या कालव्यात कुणी नुसतं बोट वर केलं तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि आवाज तर पार फाटकाबाहेर ऐकू जाई. त्याची आठ वर्षांची पोर मात्र पुढ्यातली चप्पल शोधत बसायची. डोळे तपासले तर ठणठणीत निघाले. तेव्हापासून त्याची खात्रीच झाली होती, की पोरगी वेड पांघरून पेडगावला जातेय. डोळे धड आहेत, पण त्यांनी पाहिलेलं मेंदूत नीट लागत नाही, असं थेरपिस्टबाई सांगत. त्याला ते थोतांड वाटे. आजच्यानंतर इथे यायचं बंद, पोरीला मी सरळ करतो, असं त्याने सकाळीच बायकोला बजावलं होतं. बायकोने एवढंच मागितलं, की आधी एकदा ते डोक्याला लावून बघा.

"टेबलावरचा चमचा शोधा," थेरपिस्टबाई म्हणाल्या.

"एवढंच?" तो हसला.

मग हसू मावळलं. टेबल होतं. रंग होते, ढीगभर होते. पण वस्तू अशी एकही नव्हती. निळं कुठे संपतंय आणि पांढरं कुठे सुरू होतंय, काही केल्या उमगेना. कपाचा कान वाटावा तर ती कात्री निघे, आणि कात्री म्हणावी तोवर तिचाही पत्ता नाही. आंधळा झालो म्हणावं तर सगळं दिसत होतं. तो गप्प बसून राहिला, हट्टाने. बऱ्याच वेळाने त्या गोंधळातून एक चकाकती कड वर आली. दांडाच असणार. अजून जरासं...

"नीट बघा ना, बाबा," शेजारून पोर म्हणाली. "समोरच तर आहे."

कड गेली. कप गेला, कात्री गेली, टेबलसुद्धा विस्कटून गेलं.

पोर चेष्टा करत नव्हती. काही शोधणाऱ्याला असंच म्हणायचं असतं, असं तिला वाटत होतं. घरात तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

थेरपिस्टबाई हलक्या आवाजात सांगू लागल्या, की आवाज झाला की हे यंत्र मुद्दाम चित्र विस्कटून टाकतं; हिला कसं दिसतं त्याचा नुसता अंदाज येतो, पण हिचं असंच होतं; कान कामाला लागले की दिसणं कोलमडतं, आणि मग परत पहिल्यापासून जुळवत बसायचं. त्या बोलत होत्या तोवर त्याला काहीच जुळवता आलं नाही.

त्याने यंत्र उतरवलं. खोली आपसूक जागेवर आली. खुर्ची ती खुर्ची, दार ते दार, सगळं फुकटात. ही एवढीशी पोर रोज उठून सगळं जग तुकडा तुकडा जोडून उभं करते, शाळेत जाते, आणि वर घरी येऊन हसतेसुद्धा. असलं काम त्याने बाजारात भल्याभल्यांकडून झालेलं पाहिलं नव्हतं.

"हे तू रोज करतेस?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही बाजारात गेलात की पटकन होतं."

बापाने यंत्र थेरपिस्टबाईंच्या हातात दिलं आणि पोरीला घेऊन तो बाहेर आला.

दाराबाहेर सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. पोर त्या ढिगापुढे जाऊन उभी राहिली. तिची लाल चप्पल पायाशीच होती. सवयीने त्याचं तोंड उघडलं, ते त्याने मिटलं. बाकावर बसलेले एक आजोबा "अगं, ही काय, तुझ्या..." म्हणायला लागले, तसं त्याने बोट वर केलं. आजोबा थांबले. बाहेर थांबलेली बायकोही जिथल्या तिथे उभी राहिली.

पोरीने मान जराशी वाकडी केली आणि बघत राहिली. मग पाय पुढे केला, नेमका चपलेत.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "तुम्ही गेलात का?"

दुसरी चप्पल अजून सापडायची होती. त्याने उत्तर दिलं नाही. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.