गद्रेसाहेबांचा आवाज

कारखान्याच्या त्या पत्राला गद्रेंनी उत्तर दिलंच नव्हतं. कामगार अधिकारी म्हणून ते निवृत्त झाल्यावरही, त्यांच्या आवाजात कामगारांशी फोनवर बोलणारं यंत्र चालू ठेवायला त्यांची लेखी परवानगी हवी होती. आपल्या पुटपुटण्याचं कोणाला काय कौतुक, असं वाटून ते गप्प राहिले होते.

एके सकाळी मिरजेच्या भाजीबाजारात कारखान्याच्या वाइंडिंग खात्यातली रुक्साना मुल्ला त्यांच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, काल फोनवर तुम्ही मला कामावरून काढलंत. आणि इतक्या मायेनं, की मीच 'आभारी आहे' म्हणून बसले!"

गद्रेंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. "अहो, मी नव्हे... ते यंत्र..."

"ठाऊक आहे हो! युनियनच्या वकीलसाहेबांनी एवढंच विचारायला सांगितलंय, तुम्ही होकार लिहून दिलाय का? नव्या कायद्यात यंत्रानं परवानगीशिवाय दुसऱ्याच्या आवाजात कामावरून काढलं, तर ते काढणंच रद्द."

"उत्तर द्यायचं राहूनच गेलं," गद्रे ओशाळून म्हणाले.

"मग माझी नोकरी शाबूत!" रुक्साना एवढ्या मोठ्याने हसली, की भाजीवाली दचकली.

उभ्या नोकरीत गद्रेंना कोणाला नकार देता आला नव्हता. ते तडक टपाल कचेरीत गेले. "माझा आवाज वापरू नये," एवढंच कारखान्याला लिहून त्यांनी सही केली आणि पाकीट पेटीत टाकलं.