पुरं आयकलेलं भजन

बसा, भाऊ. फोनवर रेडिओ लावला ना तुमी? असू द्या चालू. त्याचीच एक गोष्ट सांगतो.

अय्युब मास्तर अकोटचा बँडवाला. फोनवर रेडिओ लावाचा, आयकून आयकून गानं उतरवाचं, अन मंग आपल्या वाजवनाऱ्यायले शिकवाचं, असं त्याचं काम. थो रेडिओ मोठा हुशार. एखादं गानं तुमी पुरं आयकलं की त्याले वाटते, तुमाले आवडलं. मंग तसंच दुसरं आपल्या मनानं लावते.

खुशालरावानं अय्युबले एकाच दिवशी दोन ऑर्डरी देल्या. एक पोरगी चंदाच्या लग्नाची. दुसरी कानात. बाप डोमाजी नव्वदीचा, खाटेवर. "बा जाईन तवा वाजतगाजत नेऊ," म्हने. बुढा आधी गेला तं सुतक लागन, लग्न थांबन. म्हून सारी घाई.

अमरावतीची वरात दारात आली. बँडवाले घामाघूम, दम खात बसले. अय्युबनं गाडीच्या भोंग्याले फोन जोडला. एक नाचाचं गानं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याले टाळ वाजले.

तिरडी उचलताना म्हनतेत, थे भजन.

नाचनारे जागच्या जागी थांबले. अय्युबचा हात फोनकडे गेला, तं नवरदेवाच्या बापानं, पंजाबरावानं, मनगट धरलं.

"वाजू दे. कोन आयकत होतं हे?"

"चुकून लागलं, पाटील. मशीन हाय."

"मले नोको शिकवू. माह्या नातीनं कार्टून आयकलं, तं माह्या फोनवर आठ दिवस मांजरी गाऊन राहिल्या. हे कोनं आयकलं?"

"मीच. ऑर्डर हाय."

"कोनाची?"

अय्युबनं खुशालरावाकडे पाह्यलं, अन खुशालरावानं आतल्या खोलीकडे.

पंजाबराव सावकाश म्हने, "व्याही, बुढा हाय ना? का अक्षता पडेपर्यंत झाकून ठेवला?"

"हाय तं! सकाळी चमचाभर चहा घेतला त्यानं."

"मंग आवाज द्या."

खुशालराव दारात गेला. "बा! ओ बा!"

आतून काहीच नाही.

चंदा मांडवात उभी होती, मुंडावळ्या एका हातानं बाजूले धरून. "आजा, ओ द्या ना," थे म्हने. एवढ्या हळू, का भोंग्याखाली कोनाले आयकूही गेलं नसन.

भजन सरलं. कोनीच बंद केलं नव्हतं. सगये शेवटपर्यंत आयकत उभे होते.

रेडिओनं तसंच दुसरं लावलं.

तुमचंही गानं आता सरत आलं, भाऊ. दुसरं लागाच्या आधी तेवढं बंद करा.