एडच्या खुर्चीतला पाहुणा

एडच्या खुर्चीवर भलताच माणूस येऊन बसला. सत्तरीचा, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. हातातला हॉट डॉग आणि कॉफी, दोन्ही एकदम कशी सांभाळावी हे त्याला उमगत नव्हतं.

इर्मानं त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. एडनं तिकीट विकलं, एवढं तिला कळलं. टोलेडो हेरन्स हा गावचा बास्केटबॉल संघ विकायला काढल्याची बातमी आल्यापासून तो धुमसत होता. "मालकीणबाईंना आपलं काही पडलेलं नाही, तर मी कशाला घसा फोडू?" असं परवाच फोनवर म्हणाला होता. सव्वीस वर्षं दोघं शेजारी बसून सामने बघत आले. आज पहिल्यांदाच इर्माच्या उजव्या हाताला परकं कोपर लागत होतं.

"तो चौदा नंबरवाला ओडम ना?" पाहुण्यानं विचारलं. "टीव्हीवर एवढा धिप्पाड वाटत नाही."

"टीव्हीवर कशाला बघता? गाव कुठलं तुमचं?"

त्यानं बोटाला लागलेली मोहरी आधी नीट पुसली. मग हळूच म्हणाला, "ओमाहा."

पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली. संघ घेऊ पाहणारा शेठ ओमाहाचाच होता. मंगळवारी बाकीच्या संघांचे मालक मत देणार होते. त्यांनी मान डोलावली की पुढच्या हंगामात हेरन्स सातशे मैलांवर.

"म्हणजे बघायला आलात," इर्मा म्हणाली.

"बघायला आलो, खरंय. मी मर्ल. मर्ल हान्सेन."

"मग सावकाश बघा. जवळ जाऊन एकेकाचे दात मोजा. तुमच्याकडे गुरांचा बाजार मोठा असतो म्हणे."

मर्लला राग आला नाही. "असायचा," तो म्हणाला. "संघही असायचा. ड्रोव्हर्स. माझी खुर्ची अशीच, जिन्यालगत. त्यांना दुसऱ्या शहरात नेलं त्याला एकोणीस वर्षं झाली."

मैदानात हेरन्सनी लागोपाठ दोन बास्केट केल्या, त्यांना इर्मानं टाळ्या वाजवल्या. मध्यंतर झालं. तरी तो माणूस उठून कुठे गेला नाही, तेव्हा तिनंच विचारलं, "मग काय केलंत?"

"पहिल्या वर्षी घरात नाव काढलं नाही. दुसऱ्या वर्षी बायको बाजारात गेली की टीव्ही लावायचो, आवाज बंद करून. तिसऱ्या वर्षी ते अजिंक्यपद जिंकले. तिकडे."

"मग?"

"गॅरेजमध्ये जाऊन नाचलो. दार लावून."

इर्माला हसू फुटलं. हसू आलं म्हणून तिला स्वतःचाच रागही आला.

शेवटची चार मिनिटं उरली, हेरन्स दोन गुणांनी मागे होते. वरच्या सज्जातून कुणीतरी आरोळी ठोकली, "हेरन्स इथलेच!" बघता बघता अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मालकीणबाईंच्या काचेच्या खोलीत आज कुणीच नव्हतं, तरी सगळे तिकडेच तोंड करून ओरडत होते. इर्माही गुडघे धरून उठली. तेवढ्यात तिच्या उजव्या कानाशी घोगरा, जाड आवाज घुमला. मर्ल उभा होता. मानेच्या शिरा ताणून तोही तेच ओरडत होता, "हेरन्स इथलेच! हेरन्स इथलेच!"

तिनं त्याची बाही ओढली. "अहो, तुम्ही काय ओरडताय? शुद्धीवर आहात ना? ते इथं राहिले तर तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग?"

"आमच्या वेळी बाहेरगावचा एकही माणूस आला नव्हता हो," मर्ल म्हणाला आणि खाली बसला.

हेरन्स तीन गुणांनी हरले. लोक एरवीसारखे दाराकडे धावले नाहीत. रिकाम्या होत जाणाऱ्या मैदानाकडे बघत उभे राहिले, मग एकेक करून निघाले. इर्मानं कोट घातला, बटणं लावली, आणि पुन्हा खुर्चीत टेकली.

"तो चार नंबरवाला पाहिलात? प्रुइट. वीस वर्षांचा आहे. चुकला की आधी लोकांकडे बघतो. तेव्हा आपण मान फिरवायची नाही. सरळ त्याच्याकडे बघायचं."

"बाई, मंगळवारचं अजून काही ठरलेलं..."

"मला बोलू द्या." तिनं हातमोजे मांडीवर ठेवले. "आणि ओडम. फ्री थ्रोला, त्या दोन मोकळ्या फेकींना, उभा राहिला की त्याचा पहिला थ्रो हमखास चुकतो. ओरडलात तर दुसराही चुकलाच समजा. टाळ्यासुद्धा नकोत. आपली कीव करतायत असं वाटतं त्याला. नुसतं गप्प राहायचं. दुसरा तो बरोबर घालतो."

मर्लनं पेनासाठी खिसे चाचपले. पेन नव्हतं. "राहील माझ्या लक्षात," तो म्हणाला.

"एकट्या तुमच्या लक्षात राहून काय उपयोग?" इर्मा म्हणाली. "अठरा हजार माणसं एकदम गप्प बसावी लागतात. आम्हाला शिकायला दोन वर्षं लागली."