पत्र्याखालच्या फटी

लेक संघप्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती अन् नुकतीच तिला मुलगी झाली होती. पत्र्याखालच्या फटींतून पौषातला वारा तिच्या बाजेवर यायचा, म्हणून तिचा बाप व्यंकट दिवसभर शिडीवर उभा राहिला आणि गोणपाट, जुनी लुगडी कोंबून एकूणएक फट त्यानं बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईनं लेकीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली अन् दार ओढून घेतलं. अर्ध्या तासानं ती डिंकाचा लाडू घेऊन आत गेली, तर लेक पुटपुटली, “माय, डोकं लई गरगरतंय.” कुशीतलं बाळ हलत नव्हतं. “अहो, धावा! आत हवाच न्हाय!” बनाबाई बाळाला घेऊन अंगणात पळाली. व्यंकटनं लेकीला उचलून बाहेर आणलं. गार वाऱ्यात बनाबाई बाळाचे तळवे चोळत राहिली. कितीतरी वेळानं बाळ रडलं. “घ्या, नातीला घ्या.” व्यंकट पत्र्याखालच्या बुजवलेल्या फटींकडं बघत मागं सरला. “नगं. माझ्या हातात नगं देऊ.”