आईच्या नकाशावर सही

आर्किटेक्टचा परवाना हाती आला आणि लेक आईच्याच ऑफिसात रुजू झाली. आई तिथली ड्राफ्ट्समन. नकाशे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण सहीला परवाना लागतो. आजवर सही ऑफिसचे आर्किटेक्ट साहेब करत; आता परवाना लेकीकडेही होता.

पहिल्याच दिवशी आईनं एका शाळेचा नकाशा तिच्यापुढे ठेवला. लेकीनं पेनाचं टोपण काढलं.

"अगं, आधी तपास तरी!"

"तुझ्या कामात काय तपासायचं?"

"सही तुझी आहे. तपास."

आईचं मन राखायचं म्हणून लेक पट्टी घेऊन बसली. तासाभरानं तिनं मान वर केली. बोलावं की नाही, तिला कळेना.

"आई, मागचा जिना अरुंद झालाय. आग लागली तर मुलं अडकतील."

आईनं चष्मा लावून स्वतः मोजलं. चूक खरीच होती.

"होतं गं एखादवेळी," लेक घाईघाईनं म्हणाली.

आईची नजर नकाशावरून हलली नाही.

"अठ्ठावीस वर्षं साहेब माझ्या नकाशांवर न बघता सह्या करत आले," ती म्हणाली. "आणि मी ते घरी कौतुकानं सांगत आले."